रस्त्यात उभी राहिलेली मुलगी

रविवारी सकाळी सातच्या सुमारास मुंबईच्या फोर्ट भागात गेलात, तर कुलूपबंद ऑफिसांच्या दारांसमोर एक निराळाच उद्योग चाललेला दिसेल. एका तरुणाच्या गळ्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात परातीएवढा चंदेरी पडदा आणि समोर, एखाद्या दगडी खांबाला टेकून, आपले हात नेमके कुठे ठेवावेत या विवंचनेत उभी असलेली विशी-बाविशीची मुलगी. पायाशी कपड्यांची पिशवी. थोडं दूर, पाण्याची बाटली सांभाळत बसलेली मैत्रीण किंवा आई. हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट, मरीन ड्राइव्ह. कुठेही जा, अशा दोन-तीन टोळ्या भेटतातच. आपण पाहतो, जरासं हसतो, 'काय एकेक थेरं!' असं पुटपुटतो आणि फिरायला पुढे निघतो.

मला मात्र हा प्रकार थेरांचा वाटत नाही. ज्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची सवय नाही, तिला भर शहरात, परक्या माणसांच्या देखत उभं करणं ही एक जोखीम आहे आणि ती जोखीम जो तिला तिथे आणतो त्याची आहे. आयुष्याची पस्तीसेक वर्षं बँकेत काढल्यामुळे मला हा व्यवहार जामीनदारासारखा दिसतो. कर्जदाराशेजारी सही करणारा माणूस शोभेसाठी सही करत नाही. उद्या काही झालं तर उत्तर द्यायला तो बांधलेला असतो. फोटोग्राफरचंही तसंच आहे. पण आपल्याकडे कॅमेऱ्याची, लेन्सची, कपड्यांची चर्चा होते; या जबाबदारीची होत नाही. घरात मुलीने 'मला पोर्टफोलिओ करायचाय' म्हटलं की चर्चा एकदम 'हो' किंवा 'नाही'वर येऊन थांबते. त्या दोन शब्दांच्या मध्ये जे आहे, ते आज बोलायचं आहे.

आधी, ही मंडळी रस्त्यावर का येतात? एक कारण पैशाचं. स्टुडिओचं भाडं, दिवे, पडदे हे सगळं तासावर मोजलं जातं. सूर्य भाडं मागत नाही. दुसरं कारण शहराचं. व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि आर्ट डेकोच्या गोलाकार गॅलऱ्या यांचा तो सगळा पट्टा २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तसली पार्श्वभूमी कुठला रंगारी रंगवून देणार? तिसरं कारण मुली सहसा मोठ्याने सांगत नाहीत. बंद दाराआड अनोळखी माणसासमोर उभं राहण्यापेक्षा उघड्यावर बरं, असं त्यांना आणि त्यांच्या आयांना वाटतं. वाटतं ते चूक नाही. फक्त बंद खोलीत दोन डोळ्यांची भीती असते, तर रस्त्यावर दोनशे डोळे असतात.

या डोळ्यांचं गणित काय आहे? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईतल्या बायका सार्वजनिक जागांत कशा वावरतात याचा तो अभ्यास आहे. त्यातला मुद्दा आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे: रस्त्यावरच्या बाईला कारण लागतं. ती ऑफिसला चालली आहे, भाजी घेऊन परतते आहे, मुलाला शाळेतून आणते आहे. हातातली पिशवी हा जणू तिचा परवाना. पुरुष मात्र नाक्यावर तासभर नुसता उभा राहू शकतो. त्याला कोणी विचारत नाही, 'तू इथे का?'

आता कॅमेऱ्यासमोरच्या मुलीचा विचार करा. ती कुठे चाललेली नाही. तिच्या हातात पिशवी नाही, म्हणजे परवानाही नाही. ती निव्वळ उभी आहे आणि शिवाय बघण्याजोगी दिसावी म्हणून उभी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, कॅमेरा बघतोय तर मीही बघायला काय हरकत आहे? अनुभवी मॉडेलला या नजरांची सवय असते. ती त्यांना पावसासारखं अंगावरून जाऊ देते. नवख्या मुलीच्या अंगात ती नजर शिरते. खांदे वर जातात, हनुवटी आत येते, ओढणी पुन्हा पुन्हा सारखी केली जाते आणि चेहऱ्यावर ते ओळखीचं 'स्माइल प्लीज'वालं हसू येऊन बसतं. मग फोटोग्राफर म्हणतो, 'रिलॅक्स!' आरामात राहा असं हुकमाने सांगून आजवर कोणी आरामात राहिलेलं नाही. आमच्या बँकेत तपासणीला आलेले वरिष्ठही असंच म्हणायचे आणि आमच्या हातातले कागद आणखी थरथरायचे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचे फोटो काढायचे ठरले. मुलगी कॉमर्सची पदवीधर, नाटकात काम करण्याची इच्छा आणि संस्थांना पाठवायला धड फोटो एकही नाही. फोटोग्राफर तिच्या ओळखीतला, तिशीचा मुलगा. बहिणीचा फोन आला, "दादा, तू जा रे सोबत. मला तिथे काही बोलवणार नाही, आणि बोलले तर ती चिडेल." गेलो. त्या सकाळी जे पाहिलं त्यातून हा विषय मला उलगडला, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

साडेसहाला आम्ही एशियाटिकच्या पायऱ्यांवर होतो. टाऊन हॉलची ही इमारत १८३३ साली पुरी झाली. तिचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन इमारतीच्या पाठीमागे राहतं आणि पायऱ्यांवर मऊ, सारखा उजेड पडतो. डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत आणि डोळे बारीकही करावे लागत नाहीत. ही जागा आणि ही वेळ निवडण्यातच त्या मुलाने अर्धी लढाई जिंकली होती, कारण रविवारी त्या वेळेला तिथे फिरायला येणारे म्हातारे आणि कबुतरं यांच्याखेरीज फारसं कोणी नसतं. मोकळ्या जागेत सुरुवात करायची, हळूहळू गर्दीकडे जायचं. पोहायला शिकवणारा पहिल्याच दिवशी कोणाला विहिरीच्या मधोमध टाकत नाही.

पहिली दहा मिनिटं त्याने एकही फोटो काढला नाही. उलट कॅमेरा भाचीच्या हातात दिला. "आधी तू माझे काढ." आणि हा सहा फुटी गडी पायरीवर असा अवघडून उभा राहिला की ती हसत सुटली. आपण जसे दिसतो तसं समोरच्यालाही अवघडल्यासारखं होतं, हे कळल्यावर तिचे खांदे खाली आले. मग तो म्हणाला, "नको वाटलं, थांबावंसं वाटलं, तर कानातल्याला हात लाव. कारण सांगू नकोस. मी थांबेन." मला हे फार महत्त्वाचं वाटलं. चारचौघांत 'मला कसंतरी होतंय' असं मोठ्याने सांगणं हीच मोठी शिक्षा असते. तिच्यातून त्याने तिला सोडवलं होतं.

हातांचं काय करायचं हा प्रश्न त्याने माझ्या छत्रीने सोडवला. "काका, देता का जरा?" हाताला काम मिळालं की चेहरा मोकळा होतो. एका जागी उभं करण्याऐवजी त्याने तिला चालायला लावलं: इथून त्या खांबापर्यंत, परत, पुन्हा एकदा. लेन्सबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला की चेहऱ्याच्या फोटोंसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स उत्तम, पण तिने उभ्या माणसाचा पूर्ण फोटो काढायचा तर पंधरा-सोळा फूट मागे जावं लागतं. मधून माणसं जातात, ओरडून सूचना द्याव्या लागतात आणि सगळा रस्ता त्या ऐकतो. ५० मिलिमीटरने नऊ-दहा फुटांवरून काम होतं. "तिला माझा आवाज नेहमीच्या पट्टीत ऐकू यायला हवा, काका." मला वाटतं, फोटोग्राफीवरच्या जाड पुस्तकांत लेन्स निवडण्याचं हे कारण पहिल्या पानावर छापायला हवं.

पुढे दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली गेलो. ऊन चढलं तरी तिथे सावली असते आणि उजेड एका बाजूने येतो. पण तिथे माणसंही होती. चार पोरं थांबली, त्यातल्या एकाने मोबाइल वर केला. आमच्या फोटोग्राफरने भांडण काढलं नाही. कॅमेरा खाली घेतला, मुलीच्या आणि त्या मोबाइलच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "कुठून आलात? स्टेशनला चाललात का?" दोन मिनिटं गप्पा झाल्या, पोरं ओशाळून निघाली. तेवढ्या वेळात भाची त्यांच्याकडे सरळ, न हसता बघत होती. पोरं वळली तेव्हा त्याने विचारलं, "अशीच राहतेस? काढू?" तिने मान डोलावली आणि त्याने एकच फोटो काढला. तो आज तिच्या खोलीत लावलेला आहे. बहिणीला तो आवडत नाही. "किती रागीट दिसतेस!" भाची म्हणते, "आई, मी रागीट नाही, मी हजर आहे."

जगात या विषयाचा सर्वांत गाजलेला फोटो याच प्रश्नावर उभा आहे. १९५१ च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात रूथ ऑर्किन नावाची अमेरिकन फोटोग्राफर एका स्वस्त हॉटेलात उतरली होती. तिथेच तिला निनाली क्रेग ही तेवीस वर्षांची, एकटीच प्रवासाला निघालेली मुलगी भेटली. ही काही व्यावसायिक मॉडेल नव्हती. दोघींनी ठरवलं की एकट्या बाईच्या प्रवासाचे फोटो काढायचे. एका चौकाच्या कोपऱ्यावर निनाली शाल सावरत चालली आहे आणि दुतर्फा उभे-बसलेले पुरुष तिच्याकडे बघताहेत, असा तो फोटो. ऑर्किनने तिला परत जाऊन पुन्हा एकदा चालायला सांगितलं आणि स्कूटरवरच्या माणसाला म्हणाली की इतरांना सांग, कॅमेऱ्याकडे बघू नका. त्या कोपऱ्यावर मोजून दोन फोटो काढले गेले.

पुढे हा फोटो बायकांच्या छळाचं प्रतीक ठरला. निनाली मात्र म्हातारपणापर्यंत सांगत राहिली की मी घाबरले नव्हते, मला मजा येत होती. २०१८ साली ती वारली. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही असंही झालं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. त्या पुरुषांच्या नजरा जशा आहेत तशा आहेतच; त्यांना गोड म्हणायचं कारण नाही. पण त्या रस्त्यावर ती एकटी दिसत असली तरी एकटी नव्हती. तिच्या पुढे दहा-पंधरा फुटांवर दुसरी बाई होती, जिला ती मैत्रीण मानत होती आणि जिच्याबरोबर तो खेळ तिने स्वतः रचला होता. नजरा त्याच, पण शेजारी कोण आहे आणि खेळ कोणाचा आहे, यावर भीती वाटणार की मजा, हे ठरतं.

आपल्याकडचं उदाहरण त्याहूनही जुनं आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२), भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या. तिथली त्यांची सहाध्यायी रेहाना मोगल हिचे त्यांनी मुंबईत अनेक फोटो काढले. रेहानाही कोणी मॉडेल नव्हती, वर्गमैत्रीण होती. त्या फोटोंतली तरुणी मोकळी आहे, ठाम आहे, जागा आपलीच असल्यासारखी उभी आहे. सुरुवातीच्या काळात होमाईबाईंचे फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात, कारण बाईच्या नावाला वजन नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्यामागच्या बाईला नाव नाही आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला लोक काय म्हणतील याची धास्ती, अशा काळात दोन विद्यार्थिनींनी एकमेकींच्या विश्वासावर हे काम केलं. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, १९१३ साली, दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी एकही बाई मिळाली नव्हती आणि उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं होतं. हे अंतर आठवलं की रेहानाच्या मोकळेपणाची किंमत कळते.

मग आज काय बदललं? दोन गोष्टी. पहिली, १९५१ च्या फ्लॉरेन्समधल्या त्या पुरुषांनी पाहिलं आणि ते घरी गेले. आजच्या बघ्याच्या खिशात कॅमेरा आहे. तुमच्या मुलीचा एक फोटो तिने निवडलेल्या फोटोग्राफरने काढला, तर वीस फोटो कोणी काढले आणि कुठे गेले याचा पत्ता नाही. म्हणून गर्दी जमली की जागा बदलायची, वाद घालत बसायचं नाही आणि कपडे बदलायला आडोसा कुठे मिळेल हे आधीच ठरवायचं. या शेवटच्या गोष्टीत फोटोग्राफरही हतबल असतो. मुंबईत बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या असाव्यात म्हणून 'राइट टू पी' ही चळवळ २०११ साली सुरू झाली. जी गोष्ट मागण्यासाठी चळवळ करावी लागते, तिच्याअभावी फोटो काढायला आलेली मुलगीच नव्हे, तर फोर्टात कामाला येणारी प्रत्येक बाई अडते.

दुसरा बदल पैशाचा आणि कागदाचा. इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. साधारण २०१० च्या सुमारास आमच्या शाखेत एक गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले. मुलीच्या पोर्टफोलिओसाठी. कुठल्याशा एजन्सीने सांगितलं होतं की फोटो आमच्याकडूनच काढा, काम नक्की मिळेल. त्यांच्याकडच्या पावतीवर 'सेवा शुल्क' एवढे दोनच शब्द होते. किती फोटो, कोणाच्या मालकीचे, काम न मिळाल्यास काय, याबद्दल अक्षर नाही. ठेव त्यांची, हक्क त्यांचा. मी ती मोडून दिली. काम मिळालं नाही हे पुढे त्यांच्याकडूनच कळलं. काम देणारा माणूस कामासाठी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल तर तो नक्की काय विकतोय, हा प्रश्न प्रत्येक बापाने विचारायला हवा.

कायदा या बाबतीत आपल्याला वाटतो तितका मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, तुम्ही मोबदला देऊन कोणाकडून फोटो काढून घेतलात आणि उलट करार केला नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक तुम्ही असता. फोटोग्राफरने स्वतःच्या हौसेने, फुकट फोटो काढले तर मालकी साधारणपणे त्याची. बहुतेक नवख्या मुलींना यातलं काहीच ठाऊक नसतं आणि त्या समोर येईल त्या कागदावर सही करतात. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीने केलेला करार तर आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो. तिथे पालकांची सही हवी आणि पालकांनी ती वाचून करायला हवी.

रोबेर दुआनो या फ्रेंच फोटोग्राफरचा पॅरिसच्या रस्त्यावर चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा १९५० सालचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. तो अचानक टिपलेला क्षण आहे असं जग समजत होतं. १९९० च्या दशकात प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कळलं की ती दोघं नाट्यशिक्षण घेणारी तरुण मंडळी होती आणि त्यांना तसं उभं केलं होतं. त्यातल्या मुलीने, म्हणजे तोवर साठी ओलांडलेल्या बाईने, कमाईतला वाटा मागितला. तो मिळाला नाही. फोटो काढल्यावर दुआनोने तिला एक प्रत दिली होती. ती मात्र २००५ साली लिलावात दीड लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. हातात असलेली एक वस्तू उपयोगी पडली, तोंडी समजूत पडली नाही.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. एकीने उघडत नाही. नवख्या माणसाच्या फोटोला हाच नियम असावा असं माझं मत आहे. फोटो कुठे छापायचा, कोणाला पाठवायचा, कोणता पुसून टाकायचा, हे दोघांच्या किल्लीने ठरावं. अर्ध्या पानाचा कागद पुरे: तारीख, जागा, पैसे, वापर आणि दोन सह्या. ज्याला हा कागद अपमानास्पद वाटतो, त्याच्याबरोबर मुलीने रस्त्यावर उभं राहू नये. मुलानेही राहू नये. मुलग्यांनाही हीच फसवणूक आणि हाच अवघडलेपणा भोगावा लागतो, फक्त ते तो सांगत नाहीत.

आई-वडिलांनी काय करावं? 'आपल्या घरात हे चालणार नाही' हे सर्वांत सोपं उत्तर आहे आणि सर्वांत कमी उपयोगाचं. हे उत्तर ऐकलेली मुलगी न सांगता जाते आणि मग खरोखर एकटी असते. त्यापेक्षा फोटोग्राफरला घरी चहाला बोलवा, त्याचं आधीचं काम बघा, ज्या मुलींचे फोटो त्याने काढले त्यांच्यापैकी दोघींशी मुलीला बोलू द्या. सोबत जायचं असेल तर जा, पण वीस पावलं लांब बसा आणि तिची ओढणी सारखी करायला धावू नका. आपली नजरही तिला जड होतेच.

आणि आपण जाणारे-येणारे? आपलं काम सगळ्यांत हलकं आहे. एकदा बघा, कारण माणूस बघतोच, आणि चालू लागा. थांबू नका, शेरा मारू नका, मोबाइल खिशात राहू द्या. आपल्या शहरात बाईला विनाकारण उभं राहायला अजून फारशी जागा मिळालेली नाही. या मुली फोटोच्या निमित्ताने का होईना, फुटपाथवरची दोन फूट जागा पंधरा मिनिटं अडवून उभ्या राहतात. त्यांच्यातली एखादी उद्या नटी होईल, बहुतेक जणी होणार नाहीत. कोणी बँकेत लागेल, कोणी शाळेत शिकवेल. पण भर रस्त्यात, शंभर लोकांच्या देखत मान वर करून उभं राहता येतं हे अंगाला एकदा कळलं की ते कुठल्याही नोकरीत उपयोगी पडतं. तेवढं त्यांना शिकू द्यायचं की घाबरवून घरी पाठवायचं, हे कॅमेऱ्यामागच्या एका माणसावर आणि रस्त्यावरच्या आपल्या सगळ्यांवर अवलंबून आहे.